चीर देण्याआधीचं एक मिनिट

रुग्णाला भूल दिली आहे, सर्जन हात धुऊन तयार आहेत. तेवढ्यात सिस्टर मोठ्याने वाचू लागतात: रुग्णाचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं, अँटिबायोटिक दिलं का? पाहणाऱ्याला ही शाळेतली हजेरी वाटेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी ती वाचायची. तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

एवढ्याशा कागदाने असं काय होतं? अँटिबायोटिकचंच पाहा. ते चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यावं लागतं, तरच ऐन वेळी त्याची रक्तातली मात्रा पुरेशी असते. वॉर्डातल्या सिस्टरना वाटतं, थिएटरमध्ये देतील. थिएटरमध्ये वाटतं, वॉर्डात दिलंच असेल. सगळेच हुशार, सगळेच कामसू, आणि इंजेक्शन ट्रेमध्येच! वरील पाहणीत हे औषध वेळेवर मिळण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेलं.

पोट शिवण्याआधीची मॉपची मोजदादही अशीच. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यांत दिसतही नाही. नवख्या सिस्टरने ‘सर, एक कमी आहे’ म्हटलं, की वरिष्ठ सर्जनलाही थांबावंच लागतं. मला यादीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मात्र कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत यादी लागू झाल्यावर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असं २०१४ मध्ये दिसलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. दिवसाला दहा केसेस असल्या की सगळ्या खुणा शेवटी एकदमच करून टाकायचा मोह आपल्याकडेही होतो. असा कागद फाइलीत शोभतो, रुग्णाच्या उपयोगाचा नाही.

तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला पाच जणांनी पाच वेळा नाव आणि बाजू विचारली, तर वैतागू नका. दर वेळी पूर्ण उत्तर द्या. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही आपणहून सांगा. आणि एखादा दात हलत असेल तर तो भूलतज्ज्ञांना दाखवा. नळी घालताना तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.