शनिवारचा डाव आणि वहीतला हिशेब

दिवाळीत तीन पत्ती खेळायला बसणारी मंडळी आपल्याकडे नवी नाहीत. अलीकडे मात्र शहरांतल्या सोसायट्यांमध्ये एक वेगळा गट दिसू लागला आहे. महिन्यातले दोन शनिवार ठरलेले असतात. कोणाच्या तरी घरचे जेवणाचे टेबल मोकळे होते, त्यावर हिरवे कापड पडते, चिप्सचा डबा उघडतो आणि सहा जण पोकर खेळायला बसतात. प्रत्येकाचे पाचशे किंवा हजार रुपये. रात्री एक-दोन वाजता हिशेब होतो. मधल्या दिवसांत हीच मंडळी लास व्हेगासच्या स्पर्धांचे व्हिडिओ बघतात, कोण कुठे चुकला यावर ग्रुपवर वाद घालतात आणि वर्षातून एकदा गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोत बसण्याचा बेत आखतात.

अशा हौशी खेळाडूला विचारा, ‘वर्षभरात कमावलेस की घालवलेस?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘तसा वरच आहे मी.’ घरच्यांना विचारले तर त्यांच्या मनात वेगळाच प्रश्न असतो, ‘हा छंद आहे की व्यसन?’ हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे. पोकर हा असा खेळ आहे, की तो खेळणाऱ्याच्या मेंदूला स्वतःबद्दलची खरी माहिती फार उशिरा मिळते.

कौशल्य आहे, पण दिसायला वेळ लागतो

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन पाने बंद मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडतात. या सातांपैकी पाच पानांची सर्वांत चांगली जुळणी ज्याची, त्याचा डाव. दर टप्प्याला बोली होते, आणि तीन पत्तीसारखेच कोणत्याही क्षणी पाने टाकून बाहेर पडता येते. हाती काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवून लावणे, म्हणजे ब्लफ करणे, हाही खेळाचाच भाग. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना या ब्लफचे एवढे आकर्षण होते, की १९४४ साली त्यांनी ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या गेम थिअरीवरील ग्रंथात पोकरचे गणित मांडले.

म्हणजे खेळात कौशल्य आहे, यात शंका नाही. पण ते एका रात्रीत दिसत नाही. दोन एक्के हाती आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी एक्केवाला जिंकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्केच असते. सगळे बरोबर करूनही पाचात जवळपास एकदा तो हरतो. उलट चुकीची बोली लावणाऱ्याला शेवटच्या पानावर हवा तो पत्ता मिळतो आणि सगळे पैसे त्याच्याकडे जातात. सायकल शिकताना तोल गेला की लगेच पडतो, भाजीत मीठ जास्त झाले की पहिल्याच घासाला कळते. पोकरमध्ये चूक केल्यावर कधी कधी बक्षीस मिळते आणि बरोबर वागल्यावर शिक्षा. ज्या शाळेत मास्तर अधूनमधून चुकीच्या उत्तराला शाबासकी देतात, तिथे शिकणे किती अवघड असेल, याची कल्पना करा.

किती अवघड, याचा अंदाज २०१९ सालच्या एका प्रयोगातून येतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेला ‘प्लुरिबस’ हा संगणकीय खेळाडू पाच अव्वल व्यावसायिकांबरोबर एका टेबलावर खेळला. तो त्यांच्यापेक्षा सरस आहे असे म्हणण्यासाठी १०,००० डाव खेळवावे लागले. त्यातही नशिबाचा भाग शक्य तितका वजा करण्यासाठी खास गणिती पद्धत वापरावी लागली. घरच्या टेबलावर तासाला २० डाव झाले आणि बैठक पाच तास चालली, तर एका रात्रीत १०० डाव होतात. महिन्याला दोन शनिवार धरले, तर १०,००० डाव व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ‘मी चांगला खेळतो’ हे मत आपण केव्हाच बनवून टाकलेले असते.

याची दुसरी बाजूही पाहू. समजा सहाही मित्र अगदी सारखेच खेळतात आणि जिंकणे-हरणे निव्वळ नाणेफेकीवर चालले आहे. वर्षात २६ बैठका झाल्या. तरीही २६ पैकी १६ किंवा अधिक रात्री जिंकण्याची शक्यता प्रत्येकाला सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे सहा जणांत सरासरी एक जण असा निघणारच. तो स्वतःला टेबलावरचा सर्वांत हुशार खेळाडू समजेल, इतरही मान्य करतील, आणि पुढच्या वर्षी तोच मोठ्या रकमेच्या टेबलावर बसायला निघेल.

मेंदू काय लक्षात ठेवतो

अनिश्चित बक्षिसाकडे मेंदू वेगळ्या नजरेने पाहतो. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की डोपामिन सोडणाऱ्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात, आणि ठरल्याप्रमाणे मिळणाऱ्या बक्षिसाची त्यांना फारशी दखल नसते. २००३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा ते मिळेपर्यंतच्या वाट पाहण्याच्या काळात यातल्या बऱ्याच पेशींची हालचाल सर्वाधिक असते. शेवटचे पान उलटण्याआधी टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यात एवढी ओढ का असते, याचे उत्तर इथे सापडते.

त्यात ‘थोडक्यात हुकले’ ही भावना भर घालते. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ साली जुगाराच्या यंत्रासारखा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकलेला डाव खेळाडूंना अप्रिय वाटत होता, पण त्या क्षणी मेंदूतील जिंकण्याशी संबंधित भाग जागे होत होते आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. पोकरमध्ये असे हुकणे पदोपदी असते. बदामाची चार पाने जमली, पाचवे आले नाही. खरे तर तो साधा पराभव असतो. मनात मात्र तो ‘जवळजवळ जिंकलो’ या खात्यात जमा होतो.

हरल्यानंतर डोके तापते आणि माणूस भलत्याच बोली लावू लागतो. खेळाडू याला ‘टिल्ट’ म्हणतात. नुकसानीचे दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. ते दुःख मिटवण्यासाठी माणूस एरवी घेणार नाही असा धोका पत्करतो. ‘गेलेले परत काढून मगच उठतो’ हे वाक्य तिथून येते.

घड्याळाचाही यात हात असतो. रात्रभर जागलेल्या तरुणांचा अभ्यास सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. जागरणानंतर नुकसान टाळण्याकडचे लक्ष कमी झाले आणि मोठ्या फायद्याची ओढ वाढली. माणूस नुसता पेंगत नाही, त्याचे पैशाचे निर्णयच एका बाजूला झुकतात. मध्यरात्रीनंतर ‘आता रक्कम दुप्पट करू’ असा प्रस्ताव आला, तर तो नेमका चुकीच्या वेळी आलेला असतो.

पडद्यावरचे विजेते

स्पर्धा बघणे हा या छंदाचा निम्मा भाग. लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० पासून भरते. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर. २००३ साली टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर नावाचा २७ वर्षांचा अकाउंटंट अगदी किरकोळ रकमेच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तिथे पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी खेळाडूंची संख्या २,५७६ झाली, २००६ मध्ये ८,७७३. २०२३ मध्ये ती १०,००० च्या वर गेली.

‘माझ्यासारखाच एक जण जिंकला’ हे खरेच आहे. पण अशा स्पर्धेत बक्षीस मिळते ते साधारण १५ टक्के खेळाडूंना. उरलेले ८५ टक्के फी घालवून परततात, आणि त्यांच्यावर कोणी व्हिडिओ काढत नाही. शिवाय संपादित कार्यक्रमात रंगतदार डावच दाखवतात. चांगला खेळाडू बहुतेक वेळा पाने टाकून गप्प बसतो, ते कापले जाते. टेबलातल्या कॅमेऱ्यामुळे प्रेक्षकाला सगळ्यांची बंद पाने दिसतात. उत्तरे समोर ठेवून प्रश्नपत्रिका सोडवावी तसे हे आहे. ‘मी इथे पाने टाकली असती’ असे सोफ्यावरून म्हणणे सोपे असते. आठ-दहा तास असे पाहिल्यावर आपली तयारी झाली असे वाटते, आणि त्या भरवशावर गोव्याचे तिकीट निघते. घरच्या डावात टेबलावरचे पैसे मित्रांतच फिरतात. कॅसिनोत मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावांतून किंवा बसण्याच्या वेळेवर कॅसिनो आपला वाटा काढून घेतो. म्हणजे तिथे बरोबरीचा खेळाडूही तोट्यातच राहतो.

दोनशे पानी वहीचे औषध

आठवण असा पक्षपात करत असेल, तर उपाय कागदावरच आहे. एक साधी वही घ्या. प्रत्येक बैठकीची तारीख, किती तास बसलो, किती पैसे लावले, किती घेऊन उठलो, हे त्याच रात्री लिहा. गोव्याचा प्रवास, हॉटेल, खाणेपिणे, स्पर्धेची फी हे सगळे त्यात आले पाहिजे. मध्येच पुन्हा घेतलेल्या चिप्स वेगळ्या लिहा, कारण विसरायला त्याच सर्वांत सोप्या असतात. एखादा मोठा डाव झाला, तर आपण काय विचार करून बोली लावली ते निकालाचा उल्लेख न करता लिहा आणि चार दिवसांनी वाचा. निर्णय चांगला होता का, हे तेव्हाच जरा कळते.

ही वही तुम्ही किती चांगले खेळता हे एका वर्षात सांगणार नाही, ते वर पाहिलेच. पण छंदाचा खरा खर्च ती लगेच सांगते. वर्षाला काही हजार रुपये जात असतील आणि तेवढे परवडत असतील, तर मित्रांबरोबरच्या २६ संध्याकाळींची ती किंमत आहे. नाटक-सिनेमालाही पैसे पडतातच. बसण्याआधी रक्कम आणि उठण्याची वेळ ठरवा, आणि ती बदलण्याचा अधिकार रात्री कोणालाही देऊ नका. कायद्याचेही भान असू द्या. महाराष्ट्रात जुगारासाठी १८८७ चा कायदा लागू आहे. कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का, यावर देशातील न्यायालयांत एकमत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आणली आहे. तिथे कौशल्य की नशीब हा भेदच उरलेला नाही.

वही लिहिणे नकोसे वाटू लागले, किंवा ती घरच्यांपासून लपवावीशी वाटली, तर तिथे थांबून विचार करावा. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या बरोबरीने व्यसनांच्या प्रकरणात घातला. त्याची नऊ लक्षणे सांगितली आहेत. तोच थरार मिळण्यासाठी रक्कम वाढवत नेणे, कमी करताना चिडचिड होणे, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, सतत त्याचाच विचार, मन खिन्न असताना खेळायला बसणे, गेलेले परत काढण्यासाठी पुन्हा जाणे, खोटे बोलणे, नोकरी किंवा नाती धोक्यात येणे, आणि पैशासाठी इतरांवर अवलंबून राहणे. वर्षभरात यांतील चार किंवा अधिक दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. या यादीत ‘किती हरलात’ हा प्रश्न नाही, हे लक्षात घ्या. जिंकत असलेला माणूसही आजारी असू शकतो.

एक गोष्ट ज्येष्ठांच्या घरी माहीत असावी. पार्किन्सन्ससाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना अचानक जुगाराची ओढ लागते. असे दिसल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

या विकारावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलण्याची समुपदेशन पद्धत, ज्याला सीबीटी म्हणतात, उपयोगी पडते. काही रुग्णांना तज्ज्ञ नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही देतात. घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडून विषय मिटवू नये, त्याने पुढच्या डावाला मोकळीक मिळते. काही काळ पैशांचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती देणे जास्त उपयोगी ठरते. कर्जाच्या ओझ्याखाली कोणी जीवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुढच्या शनिवारी टेबल मांडले जाईल, तेव्हा चिप्सच्या डब्याशेजारी एक वही आणि पेनही ठेवा. पहिल्या पानावर आधी उठण्याची वेळ लिहा, आणि मग पाने वाटायला घ्या.