मध्य ढळलेल्या दीर्घिका

सर्पिल दीर्घिका म्हटली की डोळ्यांसमोर येते ती दोन्ही अंगांनी सारखी, डौलदार चक्री. प्रत्यक्षात एका अंगाला झुकलेल्या दीर्घिका आकाशात भरपूर आहेत. 1995 मध्ये हान्स-वॉल्टर रिक्स आणि डेनिस झारित्स्की यांनी समोरून दिसणाऱ्या काही दीर्घिका अवरक्त प्रकाशात मोजल्या. त्यांतल्या जवळपास एक-तृतीयांश ठळकपणे एकांगी निघाल्या. म्हणजे हा अपवाद नाही, आणि याच दीर्घिकांची मोजणी सर्वांत अवघड असते.

त्यांतले एक कुळ मॅगेलॅनिक सर्पिलांचे. मोठ्या मॅगेलॅनिक मेघावरून हे नाव पडले. हा मेघ आपल्यापासून सुमारे 1 लाख 62 हजार प्रकाशवर्षांवर आहे, पण महाराष्ट्रातून तो क्षितिजाच्या जेमतेम वर येतो, त्यामुळे आपल्याला दिसत नाही. जेरार द व्होकुलर 1950च्या दशकात ऑस्ट्रेलियातील माउंट स्ट्रोम्लो वेधशाळेत गेले. तोवर अनियमित म्हणून बाजूला टाकलेल्या या मेघात त्यांनी ताऱ्यांचा दांडा आणि सर्पिल रचना दाखवून दिली. पुढे 1972 मध्ये केन फ्रीमन यांच्यासोबत त्यांनी या साऱ्या कुळावर प्रदीर्घ निबंध लिहिला. मेघाच्या दांड्याचा मध्य आणि ज्याभोवती हायड्रोजन वायू फिरतो तो मध्य एक नाहीत. दोघांत अंशभराच्या आसपास, म्हणजे सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांचे अंतर आहे.

इथेच नेहमीची पद्धत अडते. दीर्घिकेचा प्रकाश मोजताना एक मध्य धरतात, त्याभोवती लंबवर्तुळे आखतात आणि प्रत्येकावरच्या प्रकाशाची सरासरी घेतात. बहुतेक चकत्यांत मध्यापासून दूर जाताना प्रकाश ठरावीक प्रमाणात उतरत जातो, हे फ्रीमन यांनी 1970 मध्ये मांडले. पण मध्य दोन-तीन असतील तर लंबवर्तुळे कुणाभोवती आखायची? दांड्याभोवती आखली तर बाहेरची चकती तिरकी भासते. चकतीभोवती आखली तर दांड्याचा प्रकाश सरासरीत विरून जातो. माझ्या मते मध्य मोकळा सोडावा, प्रत्येक लंबवर्तुळाला आपला मध्य शोधू द्यावा आणि तो कसा सरकतो तेच नोंदवावे. ते सरकणे हेच खरे मोजमाप आहे.

दुसरी अडचण आकाशाची. द व्होकुलर यांनी दीर्घिकेची कड मानण्यासाठी निळ्या प्रकाशात दर चौरस विकलेला 25 व्या प्रतीचा प्रकाश ही रेषा रूढ केली. काळ्याकुट्ट रात्रीचे आकाशही त्या कडेपेक्षा सुमारे आठपट उजळ असते. आधी आपल्याच आकाशगंगेतले, चित्रात मध्ये आलेले तारे झाकायचे, मग आकाशाचा उजेड वजा करायचा. तो उजेड चित्राच्या एका बाजूला किंचित जास्त असला आणि लक्षात आला नाही, तर सरळ दीर्घिकाही एकांगी दिसते. एकांगीपणाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी पार्श्वभूमीचा हा उतार तपासलाच पाहिजे.

श्यामशबल तारकासमूहातली एनजीसी 4618 हे या कुळाचे नमुनेदार उदाहरण. तिचा एकच हात ठसठशीत आहे, तो दांड्याच्या एका टोकाकडून निघून वळतो. हॉल्टन आर्प यांच्या 1966 च्या विचित्र दीर्घिकांच्या संग्रहात ती 23 व्या क्रमांकावर आहे. शेजारी एनजीसी 4625 ही धाकटी. तिच्याभोवती दृश्य प्रकाशात जेमतेम दिसणारी चकती अतिनील प्रकाशात दूरवर पसरलेली गॅलेक्स उपग्रहाने दाखवली. 4618 चा तोल या शेजारणीने बिघडवला, असे कुणालाही वाटेल. स्टीफन ओडेवान यांना अशा बहुतेक सर्पिलांच्या जवळ छायाचित्रांत शेजारी दिसलेही होते.

पण एका दिशेत दिसणारे दोघे एकाच अंतरावर असतीलच असे नाही. वायूचा वेग मोजल्यावर हे कळते. 2004 मध्ये एरिक विल्कॉट्स आणि मोइरा प्रेस्कॉट यांनी 13 मॅगेलॅनिक सर्पिलांतला हायड्रोजन रेडिओ दुर्बिणीने तपासला. खरा शेजारी फक्त चौघांना सापडला. एकांगीपणाचे खापर दरवेळी शेजाऱ्यावर फोडता येत नाही, असा याचा सरळ अर्थ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चंदा जोग आणि पॅरिसच्या फ्रांस्वाज कोंब यांनी 2009 मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला. बाहेरून एका बाजूने येणारा वायू आणि गडद द्रव्याच्या वलयातला असमतोल ही दोन कारणे त्यात गांभीर्याने तपासली आहेत. मला वायूचे कारण अधिक पटते, कारण एकाकी दीर्घिकांनाही ते लागू पडते.

हा हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर बोलतो, आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तो ऐकू शकते. स्लोन आकाश सर्वेक्षणाने टिपलेली एनजीसी 4618 ची चित्रे कुणालाही मोफत मिळतात, मोजणीची साधनेही. पदवीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी हे काम जरूर हाती घ्यावे. सुरुवात मध्य शोधण्यापासून करावी.