‘चोक अप’ या इंग्रजी क्रियापदबंधाचा अर्थ व उपयोजन

इंग्रजीतील ‘चोक’ या क्रियापदाचा मूळ अर्थ घशात काही अडकून श्वास कोंडणे असा आहे. भावनेच्या संदर्भात त्यास ‘अप’ हे अव्यय जोडले, की श्वासाऐवजी शब्द अडकतात. निरोप समारंभात बोलणारे प्राध्यापक मध्येच थांबतात, आवंढा गिळतात. अशा वेळी ‘ही चोक्ड अप’ असे म्हटले जाते. ‘ते गुदमरले’ हे त्याचे भाषांतर शब्दकोशाच्या आधारे समर्थनीय वाटले, तरी सर्वस्वी चुकीचे ठरते. वाचकास प्रसंग अपघाताचा वाटेल. ‘त्यांचा कंठ दाटून आला’ किंवा ‘त्यांना गहिवरून आले’ हीच येथे मराठीची रूढ रचना होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. इंग्रजीत व्यक्ती कर्ता असते. मराठीत कंठ कर्ता होतो, अथवा ‘त्यांना’ असे रूप येऊन भावना जणू आपणहून दाटते. ‘ते गहिवरले’ हेही शुद्धच. परंतु इंग्रजी कर्ता शाबूत ठेवण्याच्या हट्टापायी पुष्कळदा भाषांतर बिघडते.

यामागे दुःखच असते असे नाही. कृतज्ञतेने, अभिमानानेही कंठ दाटतो. मात्र ही बहुधा रडू फुटण्यापूर्वीची अवस्था आहे. बांध फुटून रडू कोसळले, तर ‘ब्रेक डाउन’ योग्य.

नुसत्या ‘चोक’चा लाक्षणिक अर्थ निराळाच आहे. १९९९ च्या विश्वचषकातील बरोबरीत सुटलेल्या उपान्त्य सामन्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघास वर्षानुवर्षे लावले गेलेले ‘चोकर्स’ हे विशेषण दडपणाखाली कच खाणाऱ्यांसाठी आहे, गहिवरणाऱ्यांसाठी नव्हे.