ओहमचा नियम आणि ई-सिगारेटची वाफ

गडचांदूर हे सिमेंटचं गाव. माणिकगड सिमेंटचा कारखाना गावाला लागूनच, आणि उपरवाही, आवारपूर, नारंडा हे बाकीचे कारखानेही चंद्रपूर जिल्ह्यातल्या याच कोरपना तालुक्यात. त्यामुळे आयटीआय करून इलेक्ट्रिकलमध्ये लागलेली, मोटारीचं वाइंडिंग जळालं की नुसत्या वासावरून सांगणारी मंडळी इथे घरोघरी सापडतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र चंद्रपूर काय नि गडचिरोली काय, राज्य खर्ऱ्याचं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटलेला. ई-सिगारेट इथे येते ती बहुतेक मोबाइलच्या पडद्यावरून, आणि येताना व्होल्टेज-ओहमची भाषा घेऊन येते. ही भाषा कळणारा तरुण त्यावर चटकन विश्वास ठेवतो. म्हणूनच हे गणित एकदा नीट मांडायला हवं.

यंत्र साधं आहे. एक लिथियम-आयन सेल, तारेची एक बारीक कॉइल, कॉइलमध्ये कापसाची वात आणि वातीत मुरलेला द्रव. तार निक्रोमची किंवा कँथॉलची, म्हणजे विजेच्या शेगडीत असते त्याच कुळातली. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, सोबत स्वादाची रसायनं आणि बहुधा निकोटिन. बटण दाबलं किंवा ओढलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती थंड होताना धुक्यासारखे कण बनतात आणि ते छातीत जातात. कॉइलचे वॅट किती, हे दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यातल्याच सूत्राने निघतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध.

इथे पहिला गैरसमज भेटतो: व्होल्टेज वाढवलं की वाफ चांगली होते. वाफ जास्त होते, हे एका मर्यादेपर्यंत खरं. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर साडेसात वॅट मिळतात; ५ व्होल्ट दिले तर जवळपास १४. व्होल्टेज दीडपटही झालं नाही आणि उष्णता दुपटीच्या घरात गेली, कारण सूत्रात वर्ग आहे. आता वातीकडे बघा. वात ओली असते तोवर द्रव उकळताना उष्णता शोषून घेतो आणि कॉइलचं तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास अडून राहतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल उकळतं १८८ अंश सेल्सिअसला, ग्लिसरीन २९० ला. मिश्रण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पण जितक्या वेगाने द्रव उडतो तितक्या वेगाने वात तो ओढू शकली नाही, की कॉइल कोरडी पडते आणि तापमान एकदम उसळतं. कापूस करपतो, द्रव मोडतो, घशाला झोंबतं. तेव्हा व्होल्टेज आणि ओहम जुळवणं म्हणजे प्रत्यक्षात उष्णता आणि वातीचा पुरवठा यांचा मेळ घालणं. वातीचा तर सूत्रात उल्लेखही नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट बाजूचा, आणि जास्त धोक्याचा. ओहम कमी म्हणजे कॉइल हलकी, सौम्य, असं काहींना वाटतं. वायरमनला हे सांगायला नको की रोध कमी झाला की करंट वाढतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. त्यावर ०.५ ओहमची कॉइल लावली तर साडेआठ अँपिअरच्या आसपास करंट आणि ३५ वॅट. ०.२ ओहमची लावली तर २१ अँपिअर आणि ८८ वॅट. घरात गिझरसाठी बसवतो तो पॉवर प्लग १६ अँपिअरचा असतो. इथे त्याहून जास्त करंट बोटाएवढ्या सेलमधून खेचला जातो. पुष्कळ सेल तेवढा सहन करायला बनवलेलेच नसतात. ते तापतात, आणि आत शॉर्ट झाला तर फुटतात. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात असे स्फोट वापरणाऱ्यांच्या जिवावर बेतले.

शिवाय सेलचं व्होल्टेज एका जागी बसत नाही. ४.२ वरून ते ३.४ पर्यंत उतरलं की त्याच कॉइलवरची उष्णता एक तृतीयांशाने घटते. ज्या यंत्रात व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप नाही, त्यात सकाळी जुळलेलं संध्याकाळपर्यंत बिघडतं.

इंटरनेटवर रंगीत तक्ते फिरतात: एका बाजूला ओहम, दुसऱ्या बाजूला व्होल्ट, मध्ये हिरवा पट्टा ‘उत्तम वाफे’चा. तक्त्यातलं गणित चुकीचं नसतं, अपुरं असतं. बारीक, आखूड तारेची आणि जाड, लांब तारेची अशा दोन्ही कॉइली ०.५ ओहमच्या असू शकतात. दोघींना ३५ वॅट दिले तर बारीक तार लालबुंद होईल आणि जाड तार जेमतेम तापेल, कारण तीच उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरते. तक्त्याला हे दिसत नाही. आणि हिरवा पट्टा फुप्फुसासाठी आखलेला नसतो, जिभेसाठी आखलेला असतो.

मग ‘व्होल्टेज बरोबर ठेवलं तर अपाय नाही’ या दाव्याचं काय? याच्या मुळाशी एक खरी वादावादी आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पत्र छापलं. ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं आढळली नाहीत, ५ व्होल्टवर आढळली. फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक पदार्थ. त्याच वर्षी ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फर्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की ती कोरड्या वातीची अवस्था होती. सरावलेला माणूस तो करपट झुरका घेणारच नाही, आणि नेहमीच्या वापरात हे प्रमाण पुष्कळ कमी राहतं. माझ्या मते दोघांचंही मोजमाप बरोबर होतं. ते वेगवेगळ्या अवस्थांचं होतं. पण यातून ‘कमी व्होल्टेज म्हणजे सुरक्षित’ एवढंच उचलणं म्हणजे सोयीचा अर्थ काढणं झालं. कारण फॉर्मल्डिहाइड हा प्रश्नाचा एक तुकडा आहे. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणं तपासली. भरायच्या मूळ द्रवात शिसं, निकेल, क्रोमियम नगण्य होतं; कॉइलवरून आलेल्या वाफेत मात्र ते कितीतरी जास्त सापडलं. आणि निकोटिन तर कमी व्होल्टेजवरही येतंच. वाफ पातळ लागली की माणूस झुरका लांबवतो.

ही नुसती पाण्याची वाफ आहे, हा समज दोन ओळींत निकालात काढता येतो. द्रवात पाणी असलंच तर थोडं. ‘निकोटिन शून्य’ छापलेल्या द्रवांतही तपासणीत निकोटिन सापडल्याची उदाहरणं आहेत.

निकोटिनचं एक रसायन खर्रा खाणाऱ्याला लगेच पटेल. खर्ऱ्यात चुना का? चुन्याने निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. हल्लीच्या ई-द्रवांत उलट बेंझॉइक आम्लासारखं आम्ल घालून निकोटिनचा क्षार करतात. तो घशाला टोचत नाही, त्यामुळे जास्त तीव्रतेचं निकोटिन सहज ओढता येतं. एकीकडे चुना, दुसरीकडे आम्ल. हेतू मात्र एकच, जास्त निकोटिन पोचवण्याचा. तेव्हा घशाला मऊ लागणारी वाफ ही सौम्य वाफ नव्हे.

खरं तर व्होल्टेज जुळवण्याची ही सगळी चर्चा आता बऱ्याच अंशी कालबाह्य आहे. वापरून फेकायच्या बहुतेक उपकरणांत ना बटण, ना आकडा. कॉइल, सेल, वात सगळं कारखान्यात ठरून येतं, आणि चोरट्या मार्गाने आलेल्या मालाच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चोरट्या मार्गाने म्हणायचं कारण कायदा. ‘सिगारेटवर नाही तर यावर कशी बंदी असेल’ असं अनेकांना मनापासून वाटतं. बंदी आहे, देशभर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, वितरण, जाहिरात सगळं त्यात येतं, ऑनलाइन विक्रीसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिन असो वा नसो, व्याख्येत दोन्ही बसतं. तेव्हा मित्रांसाठी चार-सहा मागवून थोड्या नफ्यावर वाटणारा पोरगाही विक्रेताच ठरतो.

शेवटचा दावा मला सगळ्यात विचार करायला लावतो: खर्रा सोडायला ई-सिगारेट बरी. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवाच सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना असा पर्याय सुचवते, आणि त्यामागे चाचण्यांचा आधार आहे, हे लपवायचं कारण नाही. पण तो आधार धूर ओढणाऱ्यांचा आहे. खर्रा खाणाऱ्याची फुप्फुसं धुरापासून वाचलेली असतात. त्याने वाफ ओढायला घेतली तर तोंडासोबत फुप्फुसंही धोक्यात आणली. त्यातून खर्ऱ्यात सुपारी असते, जी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे आणि तिचीही सवय लागते. सुपारीची तलफ कुठल्याच व्होल्टेजवर भागत नाही. बहुतेक वेळा होतं ते असं की खर्रा तसाच राहतो आणि वर एक यंत्र येतं.

सोडायचंच असेल तर निकोटिनचं च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळतं. डॉक्टरांना विचारून घ्यावं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक १८००-११-२३५६. फोन फुकट लागतो. खर्रा खाणाऱ्यांनीही बिनदिक्कत लावावा.