फूड ग्रेड ग्रीस खाण्यासाठी नसतं

केक, ब्रेड, नानकटाई घरून विकणाऱ्यांच्या ओट्यावर आता स्टँड मिक्सर सर्रास दिसतो. चटणी वाटायचा मिक्सर वेगळा. हा म्हणजे वर जड डोकं, खाली स्टीलचं भांडं आणि स्वतःभोवती फिरत फिरत भांड्यालाही फेरी मारणारा बीटर. वर्ष-दोन वर्षं नीट चाललेल्या या यंत्रातून एके दिवशी बीटरच्या दांड्यावरून तपकिरी तेलाचा ओघळ उतरतो आणि ग्रीसची शोधाशोध सुरू होते. गॅरेजवाला स्वतःकडचं ग्रीस देऊ करतो, बेकिंगच्या गटात कुणी खोबरेल सुचवतं, ऑनलाइन दुकानात प्रत्येक ट्यूबवर ‘फूड सेफ’ असं लिहिलेलं असतं. या सगळ्यांत थोडं थोडं चुकीचं मिसळलेलं आहे. प्रश्न इतरांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा असल्यामुळे ते वेगळं काढायला हवं.

मुळात ही अडचण यंत्राच्या रचनेतच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील होबार्ट कंपनीत हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने बेकरीसाठी मोठा मिक्सर घडवला. १९१९ मध्ये त्याचीच घरगुती आवृत्ती किचनएड या नावाने आली. आजचे बहुतेक स्टँड मिक्सर त्याच वळणाचे आहेत. मोटर डोक्यात आडवी, तिच्या टोकाला वर्म गिअर, त्याच्याशी जुळलेले इतर गिअर आणि शेवटी बीटर फिरवणारी चकती. म्हणजे ग्रीसने भरलेला गिअरबॉक्स थेट पिठाच्या डोक्यावर. सायकलच्या साखळीचं तेल गळलं तर फरशी खराब होते; इथे गळलं तर ते लोण्यात पडतं.

सर्वांत पसरलेला समज असा की फूड ग्रेड म्हणजे खाल्लं तरी चालेल. तसं नाही. वंगणांचं जे वर्गीकरण जगभर वापरलं जातं, ते आधी अमेरिकेचं कृषी खातं सांभाळत असे. १९९८ मध्ये खात्याने ते काम थांबवलं आणि पुढच्या वर्षापासून एनएसएफ या संस्थेने नोंदणी सुरू केली. त्यात एच१ म्हणजे अन्नाला चुकून, अपघाताने स्पर्श होऊ शकेल अशा जागी वापरायचं वंगण. एच२ म्हणजे जिथे स्पर्शाची शक्यताच नाही, तिथलं. स्टँड मिक्सरच्या गिअरबॉक्सला हवं ते एच१. आणि ‘चुकून’ या शब्दाला मर्यादा आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार अशा वंगणातलं खनिज तेल अन्नात दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त उतरता कामा नये. सिलिकॉन तेलासाठी तर ही मर्यादा फक्त १ भाग आहे.

हा आकडा स्वयंपाकघरात आणून बघू. दहा लाखांत १० म्हणजे एक किलो पिठात १० मिलिग्रॅम. तेलाचा एक थेंब साधारण ४० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे किलोभर कणकेत एकच थेंब पडला तरी मर्यादा चौपटीने ओलांडली जाते. उत्तम प्रतीचं, नोंदणी असलेलं ग्रीस असलं तरीही. त्यामुळे भांड्यात ओघळ दिसला, तर ‘फूड ग्रेडच आहे, ढवळून घेऊ’ असं करायचं नाही. तो घाणा टाकून द्यायचा. लोणी महाग आहे हे खरं, तरी टाकायचाच. एच१ चं संरक्षण डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशापुरतंच असतं.

मग जे खरोखर खाता येतं तेच का लावू नये? खोबरेल, शेंगदाणा तेल, तूप? विचार रास्त वाटतो, पण गिअरच्या दातांवर तो टिकत नाही. खाद्यतेल हवा आणि उष्णता मिळाली की खवट होतं, पुढे चिकट होऊन लाखेसारखं बसतं. शेगडीमागच्या भिंतीवरचा पिवळा थर बोटाने सुटत नाही, तसाच थर गिअरवर चढतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं आणि त्याच्या वर पाण्यासारखं पातळ होऊन खाली धावतं. ते गिअरवर थांबेल कसं? शेंगदाणा तेलाचा आणखी एक धोका आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर ‘यात शेंगदाणा नाही’ हे तुमचं सांगणं खोटं ठरतं. व्हॅसलिनही गिअरवर टिकत नाही. त्यात तेलाला धरून ठेवणारा घट्टपणा अंगचा नसतो आणि ते ३८ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं. घट्ट कणीक मळताना तापलेल्या गिअरबॉक्सला तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही.

ग्रीस म्हणजे नुसतं जाड तेल नसतं. तेल, त्याला स्पंजासारखं धरून ठेवणारा घट्टक आणि गंज-झीज रोखणारी थोडी द्रव्यं, असं ते मिश्रण. गॅरेजमध्ये मिळणारं एपी-३ ग्रीस बहुधा लिथियम साबणाच्या घट्टकाचं असतं. ट्रकच्या बेअरिंगसाठी ते छानच आहे, पण त्यातलं तेल आणि झीजरोधक द्रव्यं निवडताना अन्नाचा विचार केलेला नसतो. कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलात सुगंधी हायड्रोकार्बन उरतात. त्यांतल्या तीन किंवा अधिक वलयांच्या संयुगांमुळे जनुकांना इजा होऊन कर्करोग होण्याची शक्यता युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मांडली आणि २०२३ च्या फेरआढाव्यातही ती कायम ठेवली. एच१ ग्रीसमध्ये म्हणूनच अतिशुद्ध पांढरं खनिज तेल किंवा कृत्रिम तेल वापरतात. शिवाय जड दाबासाठी घातलेली काही गंधकयुक्त द्रव्यं तापल्यावर पितळ-कांस्यावर हल्ला करतात, आणि पुष्कळ मिक्सरमधला मऊ गिअर नेमका कांस्याचा असतो.

‘पांढरं असेल तर फूड ग्रेड’ हाही समज तितकाच पक्का. पांढरा रंग झिंक ऑक्साइड घालूनही येतो. दाराच्या बिजागरीला लावायचं पांढरं लिथियम ग्रीस असंच असतं. रंगावरून काहीच कळत नाही. गंज सोडवायचा फवारा तर गिअरबॉक्समध्ये मारूच नये. त्यातल्या द्रावकाने आहे तेही ग्रीस धुऊन निघतं. सिलिकॉन ग्रीस रबरी सीलसाठी चांगलं, पण धातूवर धातू घासतो तिथे त्याचा थर तग धरत नाही.

आता त्या तपकिरी ओघळाकडे वळू, कारण तो दिसला की लोक एकतर यंत्र मोडीत काढायला निघतात किंवा घाईने वरून आणखी ग्रीस भरतात. ग्रीसमधून थोडं तेल सुटणं हे त्याच्या कामाचाच भाग आहे. सुटलेलं तेलच दातांवर पसरतं, घट्टक त्याचा साठा धरून ठेवतो. मिक्सर महिनोन्महिने एका जागी पडून राहिला की मात्र ते तेल वेगळं होऊन खाली जमतं आणि पहिल्याच वापरात गळतं. तापमान वाढलं की हे अधिक होतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेला मिक्सर जूनमध्ये गळला, तर आश्चर्य नाही. अशा वेळी तेल पुसून भांडं-बीटर काढून ठेवावं, यंत्र काही मिनिटं रिकामं वेगात फिरवावं, पुन्हा पुसावं. ग्रीस मिसळून येतं आणि पुष्कळदा गळती तिथेच थांबते. अधूनमधून वापरणं हाच साठवणुकीतला सर्वांत चांगला उपाय. वेगाचाही संबंध आहे: कणीक मळताना दोन नंबरच्या पुढे जाऊ नये असं किचनएड स्वतः सांगते. त्याहून वेगात मळलं की मोटर आणि गिअर तापतात, तेल पातळ होतं आणि वाट मिळेल तिथून उतरतं.

रोज वापरूनही गळत राहिलं, वास बदलला, किंवा उघडल्यावर ग्रीस काळं आणि चिकट दिसलं, तर ते बदलावं. इथे लोक हमखास जुन्यावरच नवं चोपडतात. एच१ ग्रीसमध्ये बहुधा ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेटचा घट्टक असतो, आणि वेगवेगळे घट्टक एकत्र आले की काही जोड्या एकमेकांना पातळ करतात. दोन्ही ग्रीस आपापल्या जागी चांगली असूनही मिश्रण पाण्यासारखं सुटतं. म्हणून यंत्राची वायर काढून, डोकं उघडून, लाकडी चपट्या काडीने जुनं सगळं खरवडायचं आणि कोरड्या कापडाने दातांच्या फटींपर्यंत पुसायचं. रॉकेलने धुण्याचा मोह टाळावा. मागे राहिलेलं रॉकेल नव्या ग्रीसला पातळ करतं.

किती भरायचं? मध्यम आकाराच्या मिक्सरला सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि तेही गिअरच्या दातांवर व त्यांच्या लगत. डबा गच्च भरला तर गिअर ते ग्रीस नुसतं घुसळत बसतात, त्यातून उष्णता वाढते, सीलवर दाब येतो आणि जादा ग्रीस मोटरच्या कार्बन ब्रशपर्यंत पोचू शकतं. घट्टपणाचा अंक एनएलजीआय या मापावर बघावा. घरगुती मिक्सरला बहुधा २ नंबर वापरतात. २५ अंशांवर ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंदांत २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर तो २ नंबर. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐकावं.

खरेदी करताना ‘एफडीए ॲप्रूव्हड’ या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका. अमेरिकेचं प्रशासन अशा वंगणांमध्ये चालणाऱ्या घटकांची यादी देतं, एकेका ब्रँडच्या ट्यूबला मंजुरी देत नाही. बघायचं ते एनएसएफचं चिन्ह, त्याशेजारी एच१ हा वर्ग आणि नोंदणी क्रमांक. तो क्रमांक संस्थेच्या खुल्या यादीत कुणालाही शोधता येतो, आणि पाच मिनिटांचं ते काम करावंच. चिन्हाविना नुसतं ‘फूड सेफ’ लिहिलेल्या ट्यूबला मी तरी हात लावणार नाही.

एक गोष्ट मात्र एच१ च्या चिन्हातून कळत नाही. ग्रीसमधलं स्टिअरिक आम्ल पाम तेलापासून बनतं, तसंच प्राण्यांच्या चरबीपासूनही. तुम्ही शाकाहारी किंवा जैन ग्राहकांसाठी पदार्थ बनवत असाल, तर प्राणिजन्य घटक नसल्याचं लेखी उत्तर विक्रेत्याकडे मागा. चांगले उत्पादक ते देतात.

हे सगळं गिअरबॉक्सपुरतं. शेवया पाडायची किंवा खिमा करायची जोडणी, तिची पाती, चाळण्या, बीटर, हूक यांना एच१ ग्रीसही लावायचं नाही, कारण तिथे अन्नाचा स्पर्श चुकून होत नाही, सतत होतो. त्या धुऊन लगेच कोरड्या कराव्यात. गंजणाऱ्या लोखंडी भागांवर खाण्यायोग्य तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि पुढच्या वापराआधी तो पुन्हा धुऊन टाकावा.