चढ किती, ते आधी सांगा

पुणे जिल्ह्यातला बैलगाडा शर्यतीचा शौकीन भेटला की पहिल्या पाच मिनिटांत सेकंदांवर येतो. अमक्याचा गाडा साडेअकरात, तमक्याचा बारात. मी विचारतो, धावपट्टी किती चढाची होती? मग बैलाची किंमत कळते, बक्षिसाची गाडी कोणती होती तेही कळतं. चढाचा आकडा मात्र येत नाही.

हा प्रश्न डोक्यात बसला तो रेल्वेमुळे. आमचं हिमायतनगर, म्हणजे जुनं वाढोणा, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. रुळाच्या कडेला दोन हातांचे बुटके खांब असतात. एका हातावर २०० असेल तर दर दोनशे मीटरला एक मीटर चढ किंवा उतार. स्टेशनच्या आवारात तर ४०० मीटरला एक मीटर, याहून जास्त उतार चालत नाही. नाहीतर उभा डबा आपोआप घरंगळायचा. रुळावरच्या लोखंडाला जे कळतं, ते शर्यतीच्या धावपट्टीला का कळू नये, हा प्रश्न मी अनेक वर्षं बाळगून आहे.

आधी कुठली शर्यत कशा जमिनीवर होते, ते पाहू. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात शर्यत होते ती चढावर; धावपट्टीलाच घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, पुढे घोडी आणि गाड्यावर हाकणारा कुणीच नाही. बैल सुटले की सुटले. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेकडे, साताऱ्या-सांगलीत, माळरानावर कितीतरी गाड्या एका ओळीत सुटतात. आमच्या पैनगंगेपलीकडे विदर्भात शर्यतीला शंकरपट किंवा नुसतं पट म्हणतात. तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना ठाऊक. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारच्या दोन वाटांवरून सुटतात, इतर अनेक पटांत मात्र जोडी एकटी घड्याळाशी धावते.

घाट चढाचाच का? माझा अंदाज सरळ आहे. हाकणारा नसलेला गाडा थांबवायचा कसा? लगाम नाही, कासरा ओढणारं कुणी नाही. दम काढून वेग खाणारा चढ हाच तिथला ब्रेक. उतारावर असे चार बैल सोडायचं कुणाच्या मनातही येणार नाही. सपाटीवर पळणाऱ्या छकड्यावर माणूस लागतो तो याचसाठी.

आता गंमत बघा. दोन जोड्या शेजारी पळत असतील तर चढ माफ. दोघींनाही तोच चढ, जी आधी पोचली ती जिंकली. भांडण उरतं ते फक्त कुणाची वाट मऊ आणि कुणाची टणक, याचं. पण निकाल घड्याळावर गेला आणि या गावचा सेकंद त्या गावच्या सेकंदाशी लावला, की चढ मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचीही हीच अडचण. तिथली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ सालची. दोन गाड्या शेजारी, सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर; पण विक्रमासाठी या पट्टीचा सेकंद त्या पट्टीच्या सेकंदाशी लावतात. २००८ मध्ये स्कॉट कॅलिट्टा अपघातात गेला, तेव्हापासून सर्वांत वेगवान गाड्यांचं अंतर १,००० फुटांवर आलं. डेन्व्हरजवळची बँडिमेअर पट्टी सुमारे ५,८०० फूट उंचीवर होती. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, म्हणून ही संघटना काही वर्गांना उंचीची सूट देते. उंचीचा हिशोब झाला, मग उताराचा?

तो हिशोब कागदावर जमतो. पट्टीला एक टक्का उतार असेल तर ४०२ मीटरमध्ये चार मीटर खाली जाणं झालं. गुरुत्वाकर्षण गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.१ मीटर प्रतिसेकंद इतका वाढवतं. साधी गाडी या पट्टीला पंधरा-सोळा सेकंद घेत असेल तर तिचे सुमारे दोन दशांश सेकंद वाचतात. ड्रॅगमध्ये तर हजारांश सेकंदही मोजला जातो! राक्षसी इंजिनाच्या गाडीला मात्र हा फरक फारच थोडा पडतो. जितकी गाडी दुबळी, तितका चढ तिला महाग. बैल तर इंजिनाच्या मानाने दुबळेच. त्यांच्या घाटात चढाला किती किंमत असेल, याचा विचार करा.

जगात हा प्रश्न सुटलेला आहे. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी गाडीला तासाभरात दोन्ही दिशांनी धावावं लागतं आणि सरासरी धरली जाते. वारा आणि उतार दोन्ही त्यात विरून जातात. १३ ऑक्टोबर १९९७ रोजी ‘थ्रस्ट एसएससी’ने दोन्ही दिशांनी आवाजाचा वेग ओलांडला, पण परतीला जेमतेम मिनिटभर उशीर झाला आणि विक्रम हुकला. दोन दिवसांनी तिचा चालक अँडी ग्रीन याने तोच विक्रम ताशी सुमारे १,२२८ किलोमीटरने पक्का केला. मॅरेथॉनचंही तसंच. विक्रमासाठी सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा उतार किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नको. २०११ मध्ये जेफ्री मुताईने बोस्टनला २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत शर्यत मारली, पण तो मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा आणि उताराचा, म्हणून जागतिक विक्रम म्हणून नोंदच नाही.

आपल्याकडे शर्यत म्हटली की चर्चा कोर्टाची. २०१४ ची बंदी, २०१७ चा राज्याचा कायदा, १६ डिसेंबर २०२१ ची परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल. नियमांत धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको, ५० हजारांची अनामत हवी, बैल तपासलेले हवेत. हे सगळं रास्त. शर्यतीच्या परवानगीच्या अर्जात धावपट्टीच्या चढाचा आकडाही सक्तीने घ्यायला काय हरकत आहे? बैलाच्या गुडघ्यावर, दमावर किती ताण येईल हे तपासणाऱ्या पशुवैद्यालाही त्याचा उपयोग होईल. शौकिनांना बैलाची काळजी आहे असं आपण म्हणतो, मग ही काळजी आकड्यात दाखवावी.

यासाठी अभियंता लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घ्या. एक टोक सुटण्याच्या जागी धरा, दुसरं दहा मीटर पुढे, पाणी स्थिरावलं की दोन्हीकडची जमिनीपासूनची उंची मोजा आणि वजाबाकी करा. असं टप्प्याटप्प्याने सगळा घाट अर्ध्या दिवसात होतो. आयोजकांनी तो आकडा निशाणाच्या खांबावर रंगवावा आणि माईकवर सेकंद सांगताना आधी तो सांगावा. जो घाट चढ सांगत नाही, त्याचा विक्रम मी तरी मानत नाही. वाचकांनीही मानू नये.