निरक्षर माणूस अडाणी नसतो!

आपला समाज शिकला याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७२.९८ टक्के भरली, तर बौद्धांची ८१.२९ टक्के. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्या समाजाने मारलेली ही मजल आहे. परंतु त्याच तक्त्यातला पुढचा रकाना वाचला की मान खाली जाते. बौद्ध पुरुषांत ८८.३१ टक्के साक्षर आणि बौद्ध स्त्रियांत ७४.०४ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर चार बौद्ध स्त्रियांपैकी एकीला त्या वर्षी लिहिता-वाचता येत नव्हते.

ही चौथी बाई कोण? ती कुणी परकी नाही. ती आपली आई आहे, सासू आहे, गावाकडची आत्या आहे. बिगारी काम करून, धुणीभांडी करून, उसाच्या फडात राबून तिने मुलांची फी भरली. मुलगा नोकरीला लागला, मुलगी नर्स झाली. आई मात्र बचत गटाच्या कागदावर अजून अंगठाच उठवते. गोळ्या सकाळी घ्यायच्या की रात्री, हे शेजारच्या पोराला विचारते. बसची पाटी वाचता येत नाही हे चारचौघांत कळू नये म्हणून ‘चष्मा घरी राहिला’ असे सांगून वेळ मारून नेते.

आमचा साधा प्रश्न आहे. ज्या घराच्या भिंतीवर पदवीदानाचे फोटो टांगलेले आहेत, त्या घरात अंगठ्याची शाई कशासाठी?

बाबासाहेबांनी १९२९ सालीच सांगितले

‘या वयात शिकून मला काय करायचंय? माझ्या टाळक्यात नाही शिरत,’ असे आईच म्हणते आणि पोरे गप्प बसतात. लोकांनी निरक्षर माणसाला इतकी वर्षे ‘अडाणी’ म्हटले की त्यालाही ते खरे वाटू लागले. हाच समज पहिल्यांदा मोडला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो फार पूर्वी मोडून काढला आहे. सायमन कमिशनसोबत काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सदस्य होते. समितीशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला. त्यात त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. निरक्षरांना मत कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या दोन चुका त्यांनी दाखवून दिल्या. निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो असे मानणे ही पहिली चूक. साक्षर झाला की माणूस आपोआप अधिक शहाणा होतो असे मानणे ही दुसरी चूक. पुढे स्वतंत्र भारतात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लाखो निरक्षर मतदारांनी निवडणूक चिन्ह पाहून मत दिले. त्यांना कुणी वाचनाची परीक्षा घेऊन परत पाठवले नाही.

हा विचार केवळ राजकारणापुरता नाही. वाचायला शिकवण्याची सगळी रीतच त्यावर अवलंबून आहे. समोरची बाई बुद्धिमान आहे, तिला फक्त अक्षरे ठाऊक नाहीत, असे मानून शिकवले तर ती शिकते. तिला लहान मूल समजून ‘अ अननसाचा’ घोकायला लावले तर ती तिसऱ्या दिवशी यायची बंद होते. हे आमचे म्हणणे हवेतले नाही. जगात जिथे जिथे कष्टकरी माणसे मोठेपणी वाचायला शिकली, तिथे असेच घडले आहे.

दुकानाच्या मागच्या खोलीतली शाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना कागदोपत्री मताचा हक्क होता. परंतु साऊथ कॅरोलायना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. म्हणजे आधी शाळा द्यायची नाही, आणि मग वाचता येत नाही म्हणून मत द्यायचे नाही! अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजाला ही चाल समजावून सांगायला नको.

त्या राज्यात चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथे एसाव जेन्किन्स नावाचे गृहस्थ कामगारांची ने-आण करणारी बस चालवीत आणि प्रवासात उताऱ्यांची उजळणी करून घेत. त्यांच्या पुढाकाराने आणि हायलँडर फोक स्कूल या संस्थेच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे सहकारी दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये. वर्गामागे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका होत्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली होती. प्रत्यक्ष शिकवायला मात्र त्यांनी मुद्दाम व्यवसायाने शिक्षक नसलेली बाई निवडली. बर्निस रॉबिन्सन या केशभूषेचा व्यवसाय करीत.

बर्निसबाईंनी आधी लहान मुलांच्या शाळेतले साहित्य आणले होते. ते या मोठ्या माणसांना शोभणार नाही हे त्यांनी लगेच ओळखले आणि बाजूला ठेवले. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे त्यांनी विचारले. उत्तरे अगदी साधी होती. नाव लिहायचे आहे, वर्तमानपत्र वाचायचे आहे, बायबल वाचायचे आहे, माल मागवण्याचा अर्ज भरायचा आहे, मतदार म्हणून नाव नोंदवायचे आहे. तोच अभ्यासक्रम ठरला. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिले जाई आणि हाताला वळण पडेपर्यंत ते पेन्सिलीने गिरवायचे असे. १९६१ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने ही योजना हाती घेतली आणि अशा ‘नागरिक शाळा’ दक्षिणेतल्या अनेक राज्यांत निघाल्या. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या वाचन-परीक्षांना चाप बसला.

विटेपासून लढ्यापर्यंत

ब्राझील देशात १९८५ पर्यंत निरक्षरांना मतदानाचा हक्कच नव्हता. तिथे पाउलो फ्रेइरी या शिक्षकाने १९६३ साली अँजिकोस या गावी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत लिहिण्या-वाचण्याच्या वाटेवर आणले. शिकवायला निघण्यापूर्वी त्यांची माणसे वस्तीत बसत आणि लोकांच्या तोंडी वारंवार येणारे शब्द टिपून घेत. त्यांतले सतरा-अठरा शब्द निवडले की त्या भाषेतले बहुतेक ध्वनी त्यांत येत.

त्यांच्या पद्धतीतला एक गाजलेला शब्द ‘तिजोलो’, म्हणजे वीट. आधी विटेवर गप्पा. विटा कोण भाजतो, घर कुणाचे होते, आपले घर कशाचे आहे? मग शब्दाचे तुकडे पाडायचे: ति, जो, लो. मग प्रत्येक तुकड्याची ओळ म्हणायची: ता, ते, ति, तो, तु. ही तर आपली बाराखडीच! त्या ओळींतले तुकडे जुळवून शिकणारे स्वतः नवे शब्द बनवीत. त्यांतलाच एक ‘लुता’, म्हणजे लढा. विटेतून लढा निघाला. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा हे काम बंद पाडण्यात आले, फ्रेइरींना तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. गरीब माणसाच्या हातातल्या पाटीची भीती कुणाला वाटते, ते यावरून समजावे.

आपल्या भाषेत हे कसे करायचे?

मराठीला ही रीत फार सोयीची आहे, कारण आपले अक्षर जसे लिहितो तसे बहुधा उच्चारतो. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरे पाठ होईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरे आपल्या आईला कुठल्या पाटीवर भेटणार आहेत?

‘पगार’ हा शब्द घ्या. प, ग, र ही तीन अक्षरे आणि एक काना. एवढ्यावर ‘पार’, ‘गार’, ‘पारा’ आणि ‘राग’ हे शब्द होतात. पगारातून राग निघतो, हे तर कामावर जाणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे! त्यात ‘काम’ या शब्दातली क आणि म ही अक्षरे मिळवली की ‘काका’, ‘मामा’, ‘मका’, ‘माप’ होतात, ‘कामगार’ होतो आणि ‘रमा’सुद्धा होते. मग भ आणि दुसरी वेलांटी शिकवा. ‘मी’ आली, ‘भाकरी’ आली, ‘भीम’ आला. आता पाटीवर लिहा: ‘पगार कमी, काम भारी.’ सहा अक्षरे, एक काना आणि एक वेलांटी एवढ्या शिदोरीवर आई आयुष्यातले पहिले वाक्य वाचील, आणि ते तिचे स्वतःचे वाक्य असेल.

घरी शिकवताना काही गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते. ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी बायांना अक्षरच नीट दिसत नसते. आधी डोळे तपासून चष्मा करून घ्या आणि अक्षर मोठे काढा.

दुसरी गोष्ट वेळेची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा काय कामाची? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. ती दुपारी भरे, कारण तेव्हा आज्यांना कामातून सवड असे. गुलाबी लुगडे, दप्तर आणि पाटी घेऊन आज्या शाळेत निघाल्या तेव्हा लाज कुठल्या कुठे गेली.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या सारखेपणाची. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एका दिवशी शिकवू नयेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसू नये. जोडाक्षरे मागाहून घ्यावीत. मात्र ‘बुद्ध’, ‘आंबेडकर’, ‘स्टेशन’ असे रोज डोळ्यांसमोर येणारे शब्द चित्रासारखे अख्खे ओळखू द्यावेत.

चौथी गोष्ट, तिला जे पाठ आहे ते तिच्यापुढे ठेवा. आईला भीमगीते पाठ असतात, वंदना पाठ असते. आवडते गीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि गाताना शब्दाखालून बोट फिरवायला सांगा. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हाच विचार दूरदर्शनसाठी मांडला, की गाण्याचे बोल त्याच भाषेत पडद्यावर उमटू द्यावेत. कच्चे वाचणारा यामुळे पक्का होतो. ज्याला अक्षरओळखच नाही, त्याला मात्र आधी पाटीच हवी.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हसू नका. मुलीने आईला शिकवताना ‘किती वेळा सांगू?’ असे एकदा म्हटले की आई पाटी कपाटावर ठेवून देते.

सही म्हणजे साक्षरता नव्हे

आपल्याकडे साक्षरतेच्या मोहिमा कमी झाल्या नाहीत. १९५९ साली साताऱ्यातून ग्राम शिक्षण मोहीम निघाली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा १९९० साली संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि १९९१ साली अख्खे केरळ राज्य. तिथे हजारो स्वयंसेवक घरोघर गेले आणि वर्ग संपल्यावरही वाचनालयांनी शिकलेल्यांचा हात सोडला नाही. जिथे सही शिकवून फोटो काढला आणि वर्ग गुंडाळला, तिथे वर्षभरात सहीच तेवढी उरली.

राष्ट्रीय साक्षरता अभियानाची कसोटी बरीच वरची होती. मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचता यावेत, अशी त्यात अपेक्षा होती. सही करणारी बाई ही कसोटी उतरत नाही. जिला आपण कशावर सही करतो हे वाचता येत नाही, तिची सही आणि अंगठा यांत सावकाराच्या दृष्टीने काहीच फरक नाही. कर्जाच्या कागदावर व्याज किती लिहिले आहे, मस्टरवर हजेरी किती दिवसांची भरली आहे, रेशनच्या पावतीवर धान्य किती दाखवले आहे, हे ज्या दिवशी तिला स्वतः वाचता येईल त्या दिवशी ती साक्षर झाली, असे आम्ही समजतो.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम’ आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांची जवळच्या शाळेत नोंदणी होते, स्वयंसेवक शिकवतात आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. वस्तीतल्या तरुणांनी आपल्या आया-बहिणींची नावे त्यात जरूर नोंदवावीत. पण सरकारी स्वयंसेवक दारी येईल याची वाट पाहत बसू नये.

या वर्षावासात सुरुवात करू या

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो आणि बाकीच्या बाया हात जोडून ऐकतात. त्याच विहारात, वाचनाआधी, रोज अर्धा तास पाटीसाठी द्या. नव्वद दिवसांचे पंचेचाळीस तास होतात. तेवढ्यात सगळे येईल असे आम्ही म्हणत नाही. अस्खलित वाचायला आणखी बरेच महिने लागतात. पण नाव, पाटी आणि पगाराचा आकडा वाचण्याइतकी वाट पंचेचाळीस तासांत नक्की चालून होते.

एका विहारात दहा मुली आणि दहा आया, एवढेच हवे आहे. प्रत्येक मुलीने एकीला शिकवावे, शक्यतो स्वतःच्या आईला नव्हे, तर शेजारणीच्या आईला, म्हणजे दोघींनाही संकोच वाटणार नाही. आणि पुढच्या आश्विन पौर्णिमेला विहारात ग्रंथाच्या चार ओळी त्या दहा आयांपैकी एकीने वाचाव्यात. अडखळत वाचल्या तरी चालतील. सगळ्यांनी शांतपणे ऐकाव्यात.